जावयाच्या गळ्यातला हार

कारभाऱ्याला हेवा करायला माणूसच लागतो असं काही नाही. शेजाऱ्याच्या म्हशीने जास्त दूध दिलं तरी याच्या पोटात दुखतं. माझ्या टेम्पोला नवीन सीटकव्हर आलं तेव्हा हा बरेच दिवस माझ्याशी धड बोलला नाही, आणि शेवटी बोलला तो एवढंच, "रंग लई भडक झाला, कृष्णा." स्वतःच्या लग्नात बँडवाल्याचा कोट आपल्या कोटापेक्षा भारी आहे म्हणून हा नवरदेव घोड्यावर तोंड फुगवून बसला होता. हे मला त्याची बायको आशाबाई हिनंच सांगितलं, आणि सांगताना ती हसत नव्हती.

मी कृष्णा. रस्ता दुरुस्त करणाऱ्या गँगचा टेम्पो चालवतो. सकाळी दौलताबादच्या किल्ल्याखालच्या आमच्या गावातून माणसं भरायची, जिथं काम असेल तिथं नेऊन सोडायची आणि संध्याकाळपर्यंत गाडीत बसून आरशात बघत राहायचं. लोकांना वाटतं ड्रायव्हरला काम नाही. अरे, बसलेल्या माणसालाच तर सगळं दिसतं.

कारभारी आमचा झेंडेवाला. हमरस्त्यावर काम चालू असलं की रस्त्याची एक बाजू बंद करतात. त्या बंद बाजूच्या तोंडाशी उभं राहायचं, लाल झेंडा हलवून येणाऱ्या गाड्या दुसरीकडे वळवायच्या, आणि एखादा मस्तवाल थांबत नसेल तर शिट्टी मारून मागच्या माणसांना सावध करायचं, हे त्याचं काम. सगळी गँग डांबराने काळी झालेली असायची, पण याचा सदरा इस्त्रीचा. मिशीला पीळ. काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळी शिट्टी गळ्यात. वाळूजकडे जाणारे बसवाले त्याला हात दाखवून जायचे. रस्ता आपल्या बापाचाच आहे अशा थाटात तो उभा राहायचा, आणि खरं सांगतो, त्याच्याकडे बघून आम्हालाही तसंच वाटायचं.

आशाबाई त्याच गँगमध्ये. रस्त्याच्या भेगा भरायच्या आधी त्यातली माती झाडून काढायचं काम तिच्याकडे. ती येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून झाडायची, कारण पुढे कारभारी उभा होता. हीच त्याची सगळ्यात मोठी मिजास. चहाच्या वेळी तो मला हमखास ऐकवायचा, "माझी बायको रस्त्याकडं पाठ करून काम करती. दुसऱ्या कुण्या बाईची हाय का टाप?"

मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका गँगचा झेंडेवाला भरधाव गाडीखाली गेला. तो उभा होता तिथंच गेला, झेंडा हातात होता. बातमी आली तेव्हा कारभारी म्हणाला, "त्येचं ध्यान नसंल."  आशाबाईने डबा न उघडता तसाच परत बांधला.

पावसाळा सरला आणि ठेकेदाराने आमच्याकडे ते यंत्र पाठवलं. चाकाच्या गाड्यावर उभा केलेला माणसाएवढा पुतळा. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट, आणि उजवा हात सारखा वरखाली, त्यात लाल झेंडा. छातीवर कॅमेऱ्याची काच. येणारी गाडी किती वेगात आहे आणि वळते आहे की सरळ अंगावर येते आहे, हे ती काच ओळखायची. धोका दिसला की भोंगा वाजायचा आणि आम्हा सगळ्यांच्या दंडाला बांधलेले पट्टे एकदम थरथरायचे. त्याच गाडीतून आशाबाईसाठी ब्लोअर आला, म्हणजे पाठीवर अडकवून नळीने हवा सोडायचं मशीन. झाडू सुटला. भेगेतली माती फुर्रकन उडायची, फक्त आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागायचं.

यंत्राबरोबर ते चालवायला रत्नमाला आली. शहरातल्या मिलिंदनगरातली पोरगी, डिप्लोमा झालेली. कामाला चोख आणि तोंडाने गोड. पहिल्याच दिवशी तिने कारभाऱ्याला "मामा" म्हणून हाक मारली आणि सांगितलं, "मामा, आता पुढं हा उभा राहणार. तुम्ही आत, माणसांच्या बाजूला थांबायचं."

आमचा मुकादम गोकुळ. त्याने पुतळ्याकडे बघितलं. नवे कपडे, वर सावलीला छत्री, रोज कुणीतरी अंग पुसणार आणि करायचं काय, तर नुसता हात हलवायचा. तो म्हणाला, "ह्यो तर जावई हाय." तेव्हापासून नाव पडलं जावई.

कारभाऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. जावयाच्या जाकिटावर धूळ नाही, जावयाला लघवीला जावं लागत नाही, जावयाचा हात दुखत नाही, जे जे म्हणून जावयाचं चांगलं होतं ते सगळं याच्या डोळ्यात खुपायला लागलं. बसवाले आता पुतळ्याला बघून हात दाखवायचे. एकदा तर एक बसवाला पुतळ्याला रामराम घालून गेला आणि मागे उभ्या असलेल्या कारभाऱ्याकडे त्याने बघितलंही नाही. त्या दिवशी हा जेवला नाही.

आणि सगळ्यात जास्त सलत होती ती आशाबाई. सकाळी टेम्पोतून उतरली की ती आधी जावयाकडे जायची. पदराने काच पुसायची. संध्याकाळी त्याच्यावर ताडपत्री टाकताना चारही कोपरे खोचायची. कारभारी माझ्या खिडकीला टेकून हे बघत राहायचा. "आपल्याला ताप आला व्हता ना," तो एकदा म्हणाला, "तवा गोधडी नीट टाकली नव्हती तिनं."

"यंत्राशी बरोबरी करतोस का रे?" मी म्हटलं.

"मी कशाला करू? तीच करती."

खंडेनवमी आली. आमच्या गँगचा एक रिवाज आहे. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला सगळी अवजारं मांडायची, फावडी, घमेली, रोलर, माझा टेम्पोसुद्धा, आणि सगळ्यांच्या आधी पुजायचा तो झेंडा. कारण झेंडा उभा राहिल्याशिवाय आमचं फावडं रस्त्याला लागत नाही. दरवर्षी पहिला हार कारभाऱ्याच्या झेंड्याला. त्यासाठी तो झेंडा घरी धुऊन, इस्त्री करून आणायचा. यंदाही आणला होता. आदल्या संध्याकाळी आशाबाई झेंडूचे हार ओवत बसली होती, त्यातला एक चांगला मनगटाएवढा जाड होता. कारभाऱ्याने तो बघितला होता, आणि सकाळपासून स्वारी खुशीत होती.

काम वाळूजच्या रस्त्यावर होतं. रत्नमालेने सकाळी जावई उभा केला, सगळं तपासलं, आणि ती लवकर निघाली. दुसऱ्या दिवशी दसरा म्हणजे बुद्धलेणीवर धम्मचक्र दिनाची गर्दी, तिच्या घरी गावाकडून पाहुणे उतरलेले. निघताना ती कारभाऱ्याला म्हणाली, "मामा, याच्या काचेपुढं काही येऊ देऊ नका. काच झाकली तर मागच्या पेटीवर पिवळा दिवा लुकलुकतो. लुकलुकला की समजायचं, याला दिसत नाही. इथं रस्त्याकडं बघायची सवय तुम्हालाच आहे, म्हणून तुम्हाला सांगते." हे बोलणं तेव्हा मला माहीत नव्हतं, कारभाऱ्यानेच नंतर सांगितलं. पण सांगायची जागा हीच.

ती गेल्यावर पूजा मांडली. कारभाऱ्याने झेंडा काठीसकट सगळ्यांच्या पुढे ठेवला. गोकुळने हळदकुंकवाचं ताट उचललं आणि म्हणाला, "औंदा पहिला मान जावयाचा." सगळे हसले. कारभारीही हसला, कारण त्याला वाटलं ही चेष्टा आहे. मग आशाबाई उठली, पिशवीतून तो मनगटाएवढा हार काढला आणि चालत जाऊन जावयाच्या गळ्यात घातला. वाकून त्या गाड्याच्या चाकाला हात लावून नमस्कार केला. डोळे मिटून, बराच वेळ. झेंड्याच्या वाट्याला एक सुटं फूल आलं.

मी कारभाऱ्याचं तोंड बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली. मला लाजच वाटली बघताना.

जेवणं झाली, काम सुरू झालं. आशाबाईने ब्लोअर पाठीला लावला. वाळूजच्या कंपन्यांत पूजा आटोपल्या होत्या, सकाळची पाळी सुटत होती, रस्त्याला नुसता पूर. हार घातलेल्या बसगाड्या, केळीचे खांब बांधलेल्या मोटारसायकली. आणि काही दीडशहाण्यांनी तर टेम्पोच्या समोरच्या काचेवरच झेंडूची जाळी सोडलेली. अशांना बघून माझं डोकं तापतं. पूजा गाडीची करताय की डोळ्यांवर पट्टी बांधताय?

एक बस जवळून गेली. तिच्या वाऱ्याने जावयाच्या गळ्यातला हार सरकला आणि त्याचा जाड गोंडा बरोबर छातीवरच्या काचेवर येऊन बसला. मागच्या पेटीवर पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

गोकुळने तो बघितला आणि काय म्हणावं? "जावयानं सणाची लायटिंग केली बघा." त्याने मोबाइल काढून फोटोसुद्धा घेतला. आम्ही सगळे खूश. दिव्याचा अर्थ आमच्यात फक्त एकाला माहीत होता.

आरशात मला कारभारी दिसत होता. त्याने दिव्याकडे बघितलं, हाराकडे बघितलं. एक पाऊल पुढे टाकलं. मग थांबला, आणि सावकाश पाठ फिरवून पाण्याच्या जारपाशी गेला. पाणी प्यायला. परत दिव्याकडे बघितलं. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याने नंतर मला जसंच्या तसं सांगितलं. जावई आंधळा झाला होता. होऊ दे. आपण डोळस आहोत ना? आज एखादी गाडी आत घुसायला बघेल, जावई गप्प बसेल, आणि आपली शिट्टी वाजेल. मग बायको बघेल कोण कुणाला राखतं ते.

त्याने पूजेतला झेंडा उचलला, शिट्टी तोंडात धरली आणि जाऊन जावयाच्या शेजारी, आपल्या जुन्या जागेवर उभा राहिला. छाती काढून. इतक्या दिवसांनी त्याला तिथं बघून, काय सांगू, मला बरं वाटलं.

एक बस जरा जोरात आली. याने झेंडा आडवा केला, गाल फुगवून शिट्टी मारली. बस वळली. कारभाऱ्याने मान वळवून मागे बघितलं. आशाबाई पाठमोरी, वाकून भेगेत हवा मारत होती. तिने बघितलं नाही. त्याने पुन्हा शिट्टी मारली. आता समोर गाडीही नव्हती, ही शिट्टी नुसती तिच्यासाठी होती. ती हलली नाही. मला आरशात त्याचे फुगलेले गाल दिसत होते, शिट्टी मात्र मलाही ऐकू येत नव्हती. तिसऱ्यांदा त्याने असा जोर लावला की मानेच्या शिरा तटतटल्या. ब्लोअरचा आवाज, बसगाड्यांचे हॉर्न, कंपनीच्या गेटवरचे ढोल, यात ती पितळी शिट्टी कुठल्या कुठे बुडून गेली.

झाडूच्या दिवसांत तिला ती ऐकू यायची. ब्लोअर आल्यापासून याने शिट्टी वाजवलीच नव्हती, म्हणून याला कळलंही नव्हतं.

मग मी त्याचा चेहरा बदलताना बघितला. त्याने झेंडा टाकला, दोन्ही हातांनी हार धरला आणि जावयाच्या गळ्यातून ओरबाडला. झेंडू रस्त्यावर सांडले. पिवळा दिवा विझला.

"आरं कारभारीभाऊ," गोकुळ ओरडला, "सणाचा हार तोडतोस? लाज हाय का नाय?"

गोकुळचे हातवारे बघून आशाबाईने मान वर केली. नवरा हातात तुटका हार घेऊन उभा. तिने ब्लोअर बंद केला. "इकडं या आधी," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण मी गाडीत बसल्या बसल्या सरळ झालो.

कारभारी जावयाला सोडून तिच्याकडे चालत आला. हार हातातच.

"मातीच्या गोळ्याचाबी हेवा करताल तुम्ही," ती म्हणाली. "आता यंत्राचा करता व्हय? रातच्याला बसून ववला त्यो हार."

"अगं, ऐक तर. त्येची काच..."

तेवढ्यात माझ्या दंडावरचा पट्टा थरथरला, सगळ्यांचेच थरथरले, आणि भोंगा किंचाळला. आशाबाईने नवऱ्याचा दंड धरला की नवऱ्याने तिचा, मला सांगता येणार नाही. दोघं रस्त्याकडेच्या कठड्यापलीकडे मातीत पडले. गोकुळ आणि बाकीची माणसं त्यांच्यामागे. एक टेम्पो, काचेवर झेंडूची जाळी सोडलेला, रस्त्यावर मांडलेले सगळे प्लॅस्टिकचे कोन उडवत सरळ आत आला आणि जावयावर आदळून थांबला.

आवाज शांत झाल्यावर मी उतरलो. टेम्पोवाल्याचं कपाळ फुटलं होतं, हातपाय शाबूत होते. तो सारखा म्हणत होता, "दिसलं नाय, काय दिसलंच नाय." मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्यातल्या कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. जावई मात्र गाड्यासकट आडवा. हेल्मेट एकीकडे, एक पाय चाकाखाली. ज्या जागी मघाशी कारभारी छाती काढून उभा होता, तिथं आता त्या टेम्पोचं तोंड होतं.

कारभारी त्या जागेकडे बघत राहिला. त्याचा झेंडा चाकाखाली होता, काठीचे दोन तुकडे झालेले.

गोकुळ सगळ्यांना सांगत सुटला, जावयाने वाचवलं, जावयाने वाचवलं. पोलीस आले त्यांनाही त्याने तेच सांगितलं. कारभारी काही बोलला नाही. बोलणार काय? काच आपण मोकळी केली म्हणायचं, तर ती झाकलेली आपण आधीच बघितली होती, हेही म्हणावं लागलं असतं.

जावयाला माझ्या टेम्पोत चढवलं. तो मागे आडवा, म्हणून बाकीची माणसं दुसऱ्या गाडीने गेली आणि हे दोघं माझ्याजवळ पुढे बसले.  छावणी ओलांडल्यावर कारभाऱ्याने सगळं सांगितलं. पिवळा दिवा, रत्नमालेचं बोलणं, शिट्टी. समोरच्या रस्त्याकडे बघत, एका सुरात. मला वाटलं आता आशाबाई त्याला गाडीतून खाली उतरवते.

ती तुटक्या हारातली फुलं सारखी करत होती. "इतकी वर्सं मी रस्त्याकडं पाठ करून झाडलं," ती म्हणाली. "तुम्ही ते गावभर सांगत फिरता. पाठ व्हती खरी, पण सगळा कान तिकडं. शिट्टी वाजली की वाटायचं, वाजली म्हंजी हायेत. लई वेळ वाजली नाय की हात चालायचा नाय माझा. तो माणूस गेला ना उन्हाळ्यात, तवापासून तर झाडू हातात धरवत नव्हता."

तिने एक चुरगळलेलं फूल बाजूला काढलं.

"ह्यो आला आन् तुम्हाला आत घेतलं. तवा पहिल्यांदाच मी तिकडं कान न लावता नुसतं काम केलं. त्यो तुमच्या जागी उभा ऱ्हातो म्हून हार घातला त्येला. दुसरं काय नाय."

"मग मला सांगायचं," कारभारी म्हणाला.

"सांगितलं असतं तर झेंडा सोडला असता?"



नगर नाक्याच्या पुढे मागून हॉर्न वाजायला लागले. आरशात बघतो तर जावयाचा उजवा हात टेम्पोच्या फळीवरून बाहेर, अजून वरखाली होतोय. आतलं मशीन चालूच होतं, झेंड्याचा फाटका तुकडा हातात होता. मागचा मोटारसायकलवाला तो बघून मध्येच थांबला होता आणि त्याच्यामागे सगळी रांग अडली होती. बंद कसा करायचा ते फक्त रत्नमालेला माहीत, आणि ती फोन उचलत नव्हती.

"बघ," कारभारी म्हणाला. "एवढं मोडलं तरी त्येच्यापुढं गाड्या थांबत्यात." अजूनही आवाजात तीच धुसफूस. हा माणूस मरेपर्यंत सुधारायचा नाही.

मी गाडी कडेला घेतली. तो उतरला, मागे चढला, जावयाच्या डोक्याखाली आपला पंचा घडी करून सारला, आणि त्याचा तो हलता हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून शेजारी बसला. पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं, त्याने हात सोडला नाही.

आशाबाई मागच्या खिडकीतून बघत होती. शरणापूरच्या पुढे किल्ला दिसायला लागला तरी तिची मान वळलेलीच.

"कृष्णाभाऊ," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज थेट नवऱ्यासारखा निघाला, "माझा हात असा कधी धरला नाय यांनी."